ओढ्याच्या पल्याडची फिर्याद

सोलापूर, ता. ९ फेब्रुवारी १९२७

मायाक्का,

पत्र बघून दचकू नगंस, कुणी मेलेलं न्हाय. आपल्यात कागद आला की बाया आदी रडून घेत्यात म्हणून पहिल्याच ओळीत सांगितलं. हे म्या सोता लिवलंय. गिरणीत सुट्टीच्या दिवशी एक मास्तर येतो, त्यानं पाटी हातात दिली आन् चार महिन्यांत हितवर आणलं. अक्षरं मेंढरागत चारी बाजूला पळत्यात, संबाळून घे.

संगप्पा अण्णा, हिरेवाडीत वाचणारे तुमीच, तवा तुमाला बी राम राम. दुकानात गिऱ्हाईक असंल तर आदी त्याला मीठ-मिरची द्या, त्याला घालवा आन् मंग वाचा.

तू गेल्याला चार महिने झाले. तुज्यासाठी घेतलेली खोली तशीच पडून हाय. हिरवं दार, आत मोरी, वर दोन कौलं फुटकी. शेजारी नागव्वा म्हणून पद्मशाली बाई हाय. ती रोज तेलगूत मला काय तरी विचारती आन् मी रोज मान हलवतो. बहुतेक बायको कवा येणार म्हणून विचारती. मान हलवून काय कळतंय तिला, देव जाणे.

तुज्या बापानं तुला डांबून ठेवलंय हे मला ठावं हाय. तू हूं का चूं केलं न्हाईस तरी मला कळतंय. लोक म्हणत्यात, बिरदेवा, आपल्या धनगराच्या रीतीनं जा की, सासऱ्याच्या अंगणात घोंगडं टाकून बस, बायकोनं पाण्याचा तांब्या आणून दिला की राग मिटला. कसा जाऊ? तुज्या आप्पांनी तिकडं संस्थानच्या चावडीत माज्यावर मेंढरं चोरल्याची तक्रार ठोकलीया. मी ओढा ओलांडला की मला धरणार. हितं खालसात, इंग्रजाच्या मुलखात, मला कुणी हात लावत न्हाय, आन् तितं तू. मधी गुडघाभर पाण्याचा ओढा.

मेंढरांचं झालं ते झालं. त्याचं मनात धरू नगंस.

बिरदेव


सोलापूर, ता. २१ मार्च १९२७

मायाक्का,

उत्तर न्हाय. बरं. तुला लिवता येत न्हाय, पर संगप्पा अण्णांना येतंय की! दोन ओळी सांगायला तोंडाला काय झालं?

आज साच्यावर धागा तुटला, तवा तुजी याद आली. साच्यावर दिसात दोनशे वेळा धागा तुटतो, आता समज.

अण्णा, हितनं पुढचं मोठ्यानं वाचू नगा. तिच्या कानापाशी हळू वाचा. आप्पा वसरीवर असतील तर उद्या वाचा.

मायाक्का, तुला तो इराप्पाच्या रानातला मेंढरांचा वाडा आठवतो का? ओढ्याच्या त्या अंगाला, तुज्या संस्थानात, वाकड्या बाभळीखाली. खतासाठी मेंढरं बसवायला इराप्पानं आपल्याला बोलावलं व्हतं. तीन दगडांची चूल, वर घोंगड्याचा आडोसा. तू भाकरी थापायची आन् ती तुजी चंद्री, आई मेलेलं कोकरू, तू बोटानं दूध पाजून वाढवलेली, ती येऊन परातीत तोंड घालायची. तू तिला शिव्या द्यायचीस आन् भाकरीचा पहिला तुकडा तिलाच द्यायचीस. मला दुसरा. मी एकदा म्हणलं, मी नवरा का ती? तू म्हणालीस, तुमाला दात हायेत.

आपला शेवटचा संसार त्यो. भाद्रपद आन् अर्दा आश्विन. त्याच्यानंतर आपण एकत्र राहिलोच न्हाय, मायाक्का. खालसात तू त्याच्या आदी एकदाच आलीस, कुंभारीला माज्या कुंडलिकदादाच्या घरी. उंबऱ्यात बसलीस, गुळपाणी घेतलंस आन् ऊन कलायच्या आत परत ओढा ओलांडलास. माज्या हिरव्या दाराची कडी तुज्या हाताला लागलेली न्हाय.

लई आठवण येती. भाकरीचा वास आला तरी येती. बास, आता आनकी काय लिवू.

बिरदेव


सोलापूर, ता. १२ जून १९२७

मायाक्का,

ह्या पत्रासोबत न्हवं, पर मागनं तुला एक सरकारी कागद येईल. भिऊ नगंस. म्या कोर्टात फिर्याद लावलीया. तुज्यावर न्हाय ग, म्हंजी नाव तुजंच हाय, पर ती तुला आणण्यासाठीच हाय. माढेकर वकील म्हणाले की नवऱ्याला बायको नांदायला मागता येती, तसा कायदा हाय. गिरणीतले दोघं-तिघं त्यांच्याकडंच जात्यात.

एकच अडचण निघाली. वकील म्हणाले, "बिरदेवा, तुजी बायको राहती संस्थानात. सोलापूरच्या कोर्टाचा हात तिथवर पोचत न्हाय. फिर्याद हितं चालवायची तर तुमी दोगं शेवटचं एकत्र खालसात राहिला असं पाहिजे. कुटं राहिलात?"

मी म्हणलं, साहेब, आमी मेंढरं जितं बसत्यात तितं राहतो.

ते लई हसले. म्हणाले, "कोर्टात मेंढरांचा पत्ता चालत न्हाय. भाऊ कुंभारीला हाय ना? बास. तितं चार महिने राहिलात."

फिर्यादीत तसं लिवलंय. कारकुनानं माजा पटका आन् खांद्यावरचं घोंगडं बघून शाईची डबी पुढं केली, म्या बी मुकाट अंगठा दिला. सही येती म्हणून सांगायचं भान राहिलं न्हाय.

केराबाई वैनी साक्षीला तयार हाय. रोज पाठ करती: "मायाक्का सकाळी शेण काढायची, दुपारी दळायची, लई गुणाची." कुंडलिकदादा मधीच विचारतो, कुटल्या खोलीत निजायची? वैनी म्हणती, थांबा, ते आजून पाठ झालं न्हाय.

खोटं हाय, मला कळतंय. पर खोटं बोलून का होईना तू ह्या दारात येणार असशील तर मी बोलीन. तू फक्त कोर्टात गप राहा. तेवढं कर.

बिरदेव


सोलापूर, ता. २८ ऑगस्ट १९२७

मायाक्का,

तुज्या वकिलाचं उत्तर आलं. आप्पांनी वकील दिला तर! "प्रतिवादी खालसा हद्दीत कदी राहिली न्हाय, सबब ह्या कोर्टाला अधिकार न्हाय." खाली तुजा अंगठा. तुजाच हाय, डाव्या अंगठ्यावरचा विळ्याचा वण मी ओळखतो.

काय ग हे? एवढा राग? दहा महिने मी हितं कण्या शिजवून खातोय, नागव्वा दया येऊन कवा भात देती, आन् तू अंगठा देतीस! बापानं हात धरून दिला असंल म्हणायचं तर त्यात रेघ सरळ हाय. हात धरलेला अंगठा पसरतो. मला शाईतलं कळाया लागलंय.

आन् मेंढरं! आप्पांनी त्यात बी मेंढरं घातली. अकरा मेंढरं, अकरा मेंढरं! जसं काय मी कुणाचं घर फोडलं. लग्नात आंदण आलेलं ते. नवरा-बायकोचं येगळं असतंय व्हय? माज्या घरात आलेलं ते माजंच की. मी काय त्याची दारू प्यालो? खोलीसाठी दिली. तुज्यासाठी दिली. डोक्यावर कौल यावं, पावसात घोंगड्याखाली बसायला लागू नये म्हणून दिली. त्याला चोरी म्हणायचं असंल तर म्हणा.

तू सांगितलं असतंस तर. तू काय बोललीच न्हाईस. इराप्पाच्या रानातल्या मोकळ्या वाड्याकडं बघितलंस, आईच्या कानडीत एकदा "एल्लि?" म्हणालीस, कुटं म्हणून, आन् घोंगडं खांद्यावर टाकून चालायला लागलीस. मी मागनं ओरडत व्हतो, खोली घेतलीया ग, खोली! तू वळून बी बघितलं न्हाईस.

हे लिवायचं न्हवतं. लिवलं. अण्णा, वाचलं तर वाचलं.

बिरदेव


सोलापूर, ता. १६ नोव्हेंबर १९२७

मायाक्का,

काल तारीख झाली. तू आली न्हवतीस. मी दारात तीनदा जाऊन बघितलं. हिरव्या लुगड्याची एक बाई आली तर मी दोन पावलं पुढं गेलो, ती कुणा दुसऱ्याची फिर्याद घिऊन आलेली.

काय झालं ते सांगतो. आप्पांनी तुला सांगितलंच असंल, पर माज्या तोंडनं बी ऐक.

मला पिंजऱ्यात उभं केलं. आमच्या वकिलांनी विचारलं, कुंभारीला किती महिने? मी म्हणलं, चार. जीभ जरा अडखळली, पर म्हणलं. मंग तुजा वकील उठला. त्यानं एक हळदीचा डाग पडलेला फडका सोडला आन् त्यातनं कागद काढला. मला लांबनंच कळलं. माजी मेंढरं, चारी बाजूला पळणारी.

मार्चचं पत्र. बाभळीचं.

त्यानं ते सगळ्या कोर्टापुढं वाचलं, मायाक्का. चंद्री, परात, दात हायेत, सगळं. मागं बाकावर माणसं हसली. "ओढ्याच्या त्या अंगाला, तुज्या संस्थानात" हे दोनदा वाचलं, "आपला शेवटचा संसार त्यो" हितं तो थांबला आन् जज्जसाहेबांकडं बघितलं. मंग मला विचारलं, "हे अक्षर तुजं का?"

आमचे वकील खोकले. एकदा खोकले, दुसऱ्यांदा खोकले. मला समजलं. फिर्यादीवर माजा अंगठा हाय. कोर्टाच्या लेखी मी अडाणी माणूस. "मला लिवता येत न्हाय, कुणी तरी खोटं लिवलंय" एवढं म्हणलं की पत्र गेलं केरात. फिर्याद जगली. वैनीची साक्ष व्हायची, हुकूम व्हायचा, तू यायचीस.

कागद माज्या हातात दिला, बघून सांग म्हणाले. आन् मला राग यायच्या जागी काय झालं सांगू? घड्या मऊ पडलेल्या. उघडून उघडून, परत घडी घालून घालून. मधल्या घडीवर तर कागद फाटायला आलेला. संगप्पा अण्णांनी एकदा वाचलं असंल, फार तर दोनदा. बाकीच्या वेळी ते कुणी उघडलं? तुला एक अक्षर येत न्हाय. तू काय बघत बसायचीस त्यात?

मी म्हणलं, "माजंच हाय, साहेब. मीच लिवलंय."

आन् त्यातलं खरं का?

"खरं. कुंभारीचं खोटं."

जज्जसाहेब माज्यावर रागावले, लई बोलले, खोट्या शपथेबद्दल तुला आत पाठवू का म्हणाले. मंग चष्मा काढला आन् फिर्याद परत दिली. ह्या कोर्टाला अधिकार न्हाय. मागायचं ते संस्थानात जाऊन माग. वकील कागद आवरून निघून गेले. केराबाई वैनी तर लई भडकली, म्हणती एवढं पाठ केलेलं आता कुणाला सांगू?

पत्र कोर्टानं ठेवून घेतलं. तेवढं परत दिलं असतं तर बरं झालं असतं. तुला पाठवलं असतं.

बिरदेव


सोलापूर, ता. २७ नोव्हेंबर १९२७

मायाक्का,

आता लपवायला काय राहिलं? तवा सगळं लिवतो.

तुला बापानं डांबलेलं न्हाय. तू आपल्या पायांनी गेलीस. मी पहिल्या पत्रात बापावर घातलं कारण तसं लिवलं की मला झोप लागायची. आप्पांची माफी मागतो, तू वाचून घेशील तवा ते जवळ असले तर ऐकू देत.

मेंढरं तुजी व्हती. माजी न्हवं, आप्पांची बी न्हवं. तुज्या बारशाला आजानं मेंढीची एक पाट दिली, तिची ती सगळी पैदास. डाव्या कानाला दोन कात्र्या, तुजी खूण. आपल्या लोकांत पोरीच्या खुणेच्या मेंढराला नवरा हात लावत न्हाय, लावला तर तिला विचारून. शेंबड्या पोराला बी ठावं असतंय. मला ठावं न्हवतं व्हय? म्हणून तर तू आईला बघायला हिरेवाडीला गेलीस तो दिवस बघून हाकून आणली. विचारलं असतं तर तू न्हाय म्हणाली असतीस. ओढा ओलांडताना चंद्री पाण्याला भ्याली, मी तिला उचलून खांद्यावर घेतली. ती माजा कान चाटत व्हती.

तिला एकटीला तरी ठेवायची. हे एक वरीस मी सोताला विचारतोय. दहा विकून तिला ठेवायची. मंगळवार बाजारात गिऱ्हाईक म्हणाला, सगळी दे न्हाय तर एक बी नगं. आन् मी दिली.

गेल्या तीन मंगळवारी मी बाजारात जाऊन मेंढरांचे डावे कान बघत फिरतोय. लोक म्हणत्यात ह्याला याड लागलं. दोन कात्र्या कुणाच्याच न्हाईत. मला ठावं हाय की नसणार. खाटकाचा बाजार तो. तरी बघतो.

तुला कौल पाहिजे असं मला वाटलं. तुला कदी विचारलं न्हाय. तू घोंगड्याखाली पावसात बसायचीस तवा हसायचीस का रडायचीस हे बी आता मला नीट आठवत न्हाय. हसायचीस वाटतं.

गिरणीचा भोंगा झाला. जातो.

बिरदेव


हिरेवाडी, चावडी, ता. ४ डिसेंबर १९२७

मायाक्का,

वर गाव कुटलं लिवलंय ते अण्णांना परत वाचायला सांग. अण्णा, चूक न्हाय. परत वाचा.

सकाळी ओढा ओलांडला. पाणी घोट्याएवढं हाय. एवढ्याशा पाण्याला मी सव्वा वरीस भ्यालो. खोलीची किल्ली नागव्वाकडं दिली. ती तेलगूत लांबलचक काय तरी बोलली आन् ह्या खेपंला मला सगळं समजलं.

वाकड्या बाभळीपाशी जरा बसलो. चुलीचे तीन दगड आजून हायेत. मंग थेट चावडीत येऊन म्हणलं, मी बिरदेव, मेंढरं नेणारा, मला धरा. गावचा पोलीस पाटील जेवत व्हता. म्हणाला, जेवू तरी दे की.

जेवल्यावर त्यानं आप्पांची तक्रार काढली. त्यात लिवलंय, जावयानं माजी अकरा मेंढरं चोरली. मी म्हणलं, पाटील, हे खोटं हाय. चोरली हे खरं, पर आप्पांची न्हवं. मायाक्काची. डाव्या कानाला दोन कात्र्या. तसं लिवून घ्या. त्यानं लिवून घेतलं आन् शाईची डबी पुढं केली. मी म्हणलं, डबी नगं, दौत द्या. सही केली.

तर पाटलानं कपाळाला हात लावला. म्हणाला, "येड्या, मेंढरं आप्पांची न्हाईत म्हणल्यावर आप्पांची तक्रार गेली की! आता मालकिणीनं सोता येऊन तुज्यासमोर अंगठा दिला तरच मला तुला वर कचेरीत पाठवता येतंय. उद्या दिवस मावळेपर्यंत वाट बघतो. न्हाय आली तर ऊठ आन् आपल्या खालसात जा."

त्याच्याकडनंच हा कागद मागून घेतला. चावडीच्या खिडकीतनं तुज्या घराची चिंच दिसती. तिच्याखाली कुणी तरी धान पाखडतंय. तू का आई, लांबनं कळत न्हाय. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर हायेस, पर मी मारणार न्हाय. मागल्या खेपंला लई ओरडलो तुज्या मागं.

तर आता असं हाय, मायाक्का. तू घरात बसून राहिलीस तर मी सुटतो. तू आलीस तर मी तुरुंगात जातो. ह्यात कुटल्या कोर्टाचा अधिकार न्हाय, वकील न्हाय, कुंभारी न्हाय. तूच काय ते ठरव.

मी चावडीच्या अंगणात घोंगडं टाकून बसलोय. पाण्याचा तांब्या आणायचा का न्हाय, तुजी मर्जी. नगंच आणूस. शाई हितं हाय. फक्त घरात बसू नगंस, मला सुटायचं न्हाय. अंगठा द्यायला का होईना, तू ये.

बिरदेव

अण्णा, हे हळू वाचू नगा. वसरीवर उभं राहून मोठ्यानं वाचा.